मुलांच्या हातातील मोबाईल आणि सम्यक वाचा

आपल्या वसतिगृहात मोबाईलला परवानगी नाही, हे समजल्यावर प्रवेशासाठी आलेल्या बहुतेक पालकांना समाधान वाटते. जून महिन्यात कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ येथून मुलांना घेऊन येणारे आईवडील कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारतात. शुल्काचा आणि भोजनाचा प्रश्न त्यानंतर येतो. "सर, घरी असला की मोबाईल खाली ठेवत नाही, आता तुम्हीच काय ते करा," असे सांगणाऱ्या आईच्या आवाजात तक्रारीपेक्षा थकवा अधिक असतो. पहाटेची लोकल गाठून मुंबईला जायचे आणि रात्री नऊ-साडेनऊला घरी परतायचे, असा ज्यांचा दिनक्रम, त्यांनी मुलाच्या मोबाईलवर लक्ष ठेवायचे तरी केव्हा? त्यामुळे पालकांच्या माथी दोष मारण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही.

वसतिगृहातील ही बंदी योग्य आहे आणि ती राहावी, असेच आमचे मत आहे. परंतु तिच्यामुळे प्रश्न सुटला, असे समजणे धोक्याचे आहे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी मिळून दोन महिन्यांहून अधिक काळ मुले घरी असतात. दहावीनंतर तर शाळेचा नियम संपतोच. अकरावीच्या प्रवेशाबरोबर मुलाच्या हाती नवा मोबाईल येतो आणि त्याच आठवड्यात त्याची चार-पाच ठिकाणी खाती उघडली जातात. पंधरा वर्षे मुलाला पाण्याजवळ फिरकू द्यायचे नाही आणि सोळाव्या वर्षी त्याला उल्हास नदीच्या पुरात सोडून द्यायचे, असा हा प्रकार होतो. पोहायला शिकवण्याचे काम मधल्या काळात कोणीच केलेले नसते.

हे यंत्र आपल्या घरात आले कसे, तेही आठवावे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वसतिगृह रिकामे झाले. पुढे वर्ग मोबाईलवरून भरू लागले. ज्या घरात एकच साधा फोन होता, तेथे हप्त्याने स्मार्टफोन घेतले गेले. काही घरांत दोन भावंडांनी एक फोन पाळीपाळीने वापरला. मुलाच्या हाती मोबाईल देण्याची विनंती त्या दिवसांत शाळांनीच पालकांना केली होती. वर्ग पुन्हा भरू लागले, पण मोबाईल घरातच राहिला. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. ही खेड्यांची स्थिती आहे. ठाणे-कल्याणच्या चाळींत आणि संकुलांत ती याहून सौम्य असेल, असे मानण्यास कारण नाही.

या विषयावरील चर्चा साधारणपणे तासांच्या हिशेबात अडकते. मूल किती वेळ मोबाईल पाहते, याचीच मोजदाद होते. वेळेचा प्रश्न खरा आहेच. झोप कमी होते, डोळे थकतात, वाचन सुटते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर आपल्यापुरता उपाय शोधला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गावातील दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतात. या प्रयोगातील आम्हाला भावलेली गोष्ट अशी की भोंगा मोठ्या माणसांसाठीही वाजतो. बाप मोबाईल पाहत असताना मुलाला अभ्यासाला बसवण्याचा प्रकार तेथे चालत नाही. आपल्या वस्त्यांतील विहारांना असे काही करणे अशक्य नाही. सायंकाळच्या वंदनेची वेळ तर ठरलेलीच असते.

तरीही आमची खरी काळजी तासांची नाही. मूल मोबाईलवर किती वेळ असते, यापेक्षा तेथे ते काय बोलते आणि काय ऐकून खरे मानते, याची आम्हाला अधिक चिंता वाटते. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न इतरांपेक्षा थोडा निराळा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. या पाक्षिकाची जाहिरात रोख पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा लिहिणारी माणसेच नव्हती. अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. ज्या समाजाला आपले म्हणणे छापून आणण्यासाठी इतकी यातायात करावी लागली, त्या समाजातील चौदा वर्षांच्या मुलीला आज आपले म्हणणे हजारो लोकांपर्यंत नेण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज उरलेली नाही. ही लहान गोष्ट नव्हे. वर्तमानपत्रांनी ज्यांची दखल घेतली नाही, अशा कितीतरी अत्याचारांच्या बातम्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत समाजमाध्यमांतूनच बाहेर आल्या. म्हणून कोणी व्यासपीठावरून मोबाईलला सरसकट व्यसन म्हणू लागले की आम्हाला ते पटत नाही. दारूच्या बाटलीत आणि छापखान्यात फरक आहे, आणि मोबाईल या दोहोंपैकी नेमका काय आहे, ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.

तथापि हा छापखाना आपल्या मालकीचा नाही, हेही मुलांना समजले पाहिजे. 'मूकनायक'मध्ये काय छापायचे, ते संपादक ठरवीत असे. येथे काय वर यायचे, ते कंपनीची गणिती व्यवस्था ठरवते. माणसाची नजर कोणत्या दृश्यावर किती सेकंद थांबली, त्याने ते पुन्हा पाहिले का, त्याखाली काही लिहिले का, याची ती नोंद ठेवते आणि तशाच प्रकारची आणखी दृश्ये समोर आणते. नजर रोखून धरण्याची सर्वांत मोठी शक्ती संतापात असते.

याचा परिणाम आपल्या मुलांवर कसा होतो, ते आम्ही जवळून पाहतो. एप्रिल महिना आला, ६ डिसेंबर जवळ आला किंवा १ जानेवारीचा दिवस आला की बाबासाहेबांची अवहेलना करणारे व्हिडिओ फिरू लागतात. नववीतला मुलगा सुट्टीत असा एखादा व्हिडिओ पाहतो. त्याचे रक्त उसळते, ते स्वाभाविकच आहे. तो व्हिडिओ तो तीन वेळा पाहतो, मित्रांना पाठवतो, खाली दहा ओळींची शिवीगाळ लिहितो. व्यवस्थेला त्याचा राग कळत नाही. तिला इतकेच कळते की या मुलाला असे व्हिडिओ पाहावेसे वाटतात. दुसऱ्या दिवशी ती त्याला तसेच आणखी काही दाखवते. आठवडाभरात त्या मुलाची अशी खात्री होते की सारा देश बाबासाहेबांना शिव्या देत आहे. शिवाय त्याने आणि त्याच्या मित्रांनी लिहिलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेमुळे तो मूळ व्हिडिओ आणखी लोकांपर्यंत पोहोचतो. ज्याने तो मुद्दाम खोडसाळपणे तयार केला, त्याला नेमके हेच हवे असते. अपमानाचे उत्तर देण्याच्या भरात आपलीच मुले अपमानाचा प्रसार करतात, ही गोष्ट त्यांना गणितासारखी फळ्यावर मांडून दाखवावी लागते. एकदा समजली की ती विसरत नाहीत.

मग अपमान मुकाट्याने सहन करायचा काय? मुळीच नाही. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ या कायद्यात २०१५ साली झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. या समाजांना परमपूज्य असणाऱ्या दिवंगत व्यक्तीचा या समाजांबाहेरील कोणी लेखी किंवा तोंडी शब्दांनी अथवा अन्य मार्गाने अनादर केला, तर तो त्यानुसार गुन्हा आहे. स्क्रीनशॉट घ्यावा, दुवा आणि तारीख टिपून ठेवावी, मोठ्या माणसाला सोबत घेऊन पोलिसांत लेखी तक्रार द्यावी, हा मार्ग आहे. ज्याने देशाला संविधान दिले त्या महापुरुषाच्या सन्मानासाठी शिवीपेक्षा अर्ज अधिक शोभतो, असे आम्ही मुलांना सांगतो. शिवी देणाऱ्या मुलावरच गुन्हा नोंदवला गेला, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्याच्या मोलमजुरी करणाऱ्या आईवडिलांना चढाव्या लागतात. इतर घरांतील मुलांच्या चुका पैशाने आणि ओळखीने झाकल्या जातात. आपल्या मुलांच्या झाकल्या जात नाहीत.

शब्दाचे मोल किती द्यावे लागते, याचे उदाहरण आपल्याच परिसरात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. दोघींना अटक झाली, त्यांपैकी एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. त्या ओळींत शिवी नव्हती, खोटेपणा नव्हता. पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केले, आणि ज्या कलमाचा आधार घेण्यात आला होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. नागरिकाच्या बोलण्याच्या हक्काचा तो मोठा विजय होता, आणि आमच्या नागरिकशास्त्राच्या तासाला तो शिकवला जातो. परंतु कलम रद्द झाले म्हणून जमाव रद्द झाला नाही. मुलांना हक्क शिकवताना जमावाचीही ओळख करून द्यावी लागते.

जमाव कसा तयार होतो, ते धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दाखवले. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ठार मारण्यात आले. पोटासाठी गावोगाव फिरणारी ती गरीब माणसे होती. मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे खोटे संदेश त्या काळात व्हॉट्सॲपवरून फिरत होते. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते संदेश पुढे ढकलणाऱ्या कोणाला आपण एखाद्याच्या मृत्यूचे कारण होऊ असे वाटले असेल काय? बहुतेकांनी ते काळजीपोटीच पाठवले असतील.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्या मुलांना पाठ असतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या, हा त्याचा आशय. परीक्षेत त्यावर उत्तम उत्तरे लिहिणारी मुले सुट्टीत आलेला संदेश न पारखता पुढे पाठवतात, कारण तो धम्माचा पाठ आहे आणि हा मोबाईल आहे, अशी त्यांच्या मनात दोन वेगळी खाती असतात. ती एकत्र आणणे हे शिक्षकाचे काम आहे. संदेश प्रथम कोणी पाठवला, छायाचित्र कोणत्या वर्षीचे आहे, दुसऱ्या कोणी ही बातमी दिली आहे का, इतके तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी निम्मे काम होते.

त्याहून जवळचा पाठ राहुलाचा आहे. परंपरेनुसार सात वर्षांच्या राहुलाला तथागतांनी असत्य बोलण्याविषयी उपदेश केला, तो भांड्यात उरलेल्या थोड्याशा पाण्याचा दृष्टान्त देऊन. त्यानंतर त्यांनी त्याला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुलाने उत्तर दिले, पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहत जा, तिच्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होते का ते तपास, असे त्यांनी त्याला समजावले. कायेचे, वाणीचे आणि मनाचे, अशा तिन्ही कर्मांना त्यांनी हीच कसोटी लावली. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला की राजस्थानातील बैराटच्या लेखात भिक्षू-भिक्षुणी आणि उपासक-उपासिकांनी नित्य ऐकावे म्हणून जी प्रवचने त्याने सांगितली, त्यांत याचा समावेश केला. त्याच अशोकाचे लेख आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्यालाही सापडले आहेत. बापाने लहान मुलाशी बोलावे तसा तो संवाद आहे, आणि त्यात कोठेही धाक नाही. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात दिवसातून वीस वेळा स्वतःला पाहणाऱ्या पिढीला आरशाचा हा दुसरा उपयोग सांगण्यासारखा आहे.

मुलींच्या बाबतीत आरशाचा प्रश्न आणखी बोचरा होतो. छायाचित्रावर जो फिल्टर चढवतात, तो बहुधा रंग उजळ करतो, नाक सरळ करतो. सावळ्या रंगाच्या मुलीला तो दररोज सांगत असतो की तू आहेस तशी चालणार नाहीस. फेसबुकची माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन हिने २०२१ साली कंपनीचे जे अंतर्गत कागद उघड केले, त्यांतील एका टिपणात इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींपैकी तिघींतील एकीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीची खंत वाढते, असे नमूद होते. आणखी एक गोष्ट पालकांनी संकोच न करता मुलामुलींना सांगावी: अठरा वर्षांखालील कोणाचेही अश्लील छायाचित्र काढणे, जवळ ठेवणे किंवा पुढे पाठवणे हा २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार गंभीर गुन्हा आहे. कोणी धमकावत असेल, तर मुलीने प्रथम घरी सांगावे असे वाटत असेल, तर घरी ऐकून घेणारे कोणी असले पाहिजे. "तुला आधीच सांगितले होते" हे वाक्य त्या दिवशी गिळावे. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा मदत क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही.

लोकलच्या दारात लटकून रील बनवणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. शिवडी स्थानकावर धावत्या गाडीला लटकणाऱ्या एका तरुणाची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सर्वत्र पसरली. रेल्वे पोलीस त्याच्या घरी पोहोचले, तेव्हा तो एक हात आणि एक पाय गमावून बसलेला होता. दुसऱ्या एका अशाच प्रयत्नात एप्रिलमध्येच त्याला अपघात झाला होता. आपली मुले ज्या मार्गावरून घरी जातात, त्याच मध्य रेल्वेची ही गोष्ट आहे.

सरकारने कायदा करून हे सारे थांबवावे, असे काही पालक सुचवतात. ऑस्ट्रेलियाने तसे केले आहे. १० डिसेंबर २०२५ पासून तेथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. कायदे हवेतच. पण २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली आणि पुढच्या पंधरवड्यातच इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले, हेही आपण पाहिले आहे. मुले एका दुकानातून उठून दुसऱ्यात गेली, इतकेच. आणि ज्या घरात आईवडिलांचा जीमेल पत्ता मुलानेच काढून दिलेला आहे, तेथे पालकांची संमती कोण देणार, हे सांगायला नको.

आता थोडे माजी विद्यार्थ्यांशी बोलायचे आहे. आपल्यापैकी अनेकजण आज बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, न्यायालयात, संगणक क्षेत्रात मानाच्या जागी आहेत. प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप समूह आहे. त्या समूहांवर रात्री अकरानंतर जे येते, तेच सुट्टीत घरी आलेला आपला भाचा किंवा पुतण्या आपल्याच मोबाईलवर वाचतो. दुसऱ्या धर्माची टिंगल, दुसऱ्या पोटजातीवरचे विनोद, आपल्याच चळवळीतील दुसऱ्या गटाच्या नेत्यांना दिलेल्या शिव्या, कोठून आले ते ठाऊक नसलेले 'जास्तीत जास्त पाठवा' असे संदेश. मिथ्या, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड ही वाणीची चार अकुशल कर्मे धम्माने सांगितली. चारही त्या समूहांवर सकाळपर्यंत जमा झालेली असतात, आणि वर 'जयभीम, नमो बुद्धाय, शुभ सकाळ' असते. मुले आमचे तास ऐकून जितके शिकतात, त्याहून अधिक ती आपल्याकडे पाहून शिकतात.

कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या लेण्यांना दान दिले, तेव्हा आपले नाव आणि गाव दगडात कोरवले. आजही ते वाचता येते. नाव लिहिणाऱ्याला शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते; बनावट नावाने लिहिणाऱ्याला ती घ्यावी लागत नाही. या विचाराने येत्या वर्षापासून नववी-दहावीच्या मुलांसाठी आम्ही दर शनिवारी सायंकाळी दोन तासांचा एक वर्ग ठेवत आहोत. पहिल्या तासात शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांसमवेत समाजमाध्यमे उघडायची, संदेश पारखायचे, अपमानाचा व्हिडिओ आला तर तक्रार कशी लिहायची याचा सराव करायचा. दुसऱ्या तासात हाताने भित्तिपत्रक लिहायचे. त्यात कोणत्याही विषयावर, शाळेवरही, टीका करण्याची मोकळीक राहील. अट एकच आहे, मजकुराखाली लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव हवे. गेल्या वर्षी चाचणी म्हणून लावलेल्या दोन अंकांत भोजनगृहातील डाळीवर जे लिहिले गेले, त्यानंतर डाळ सुधारली, हे येथे नमूद करण्यास आम्हाला संकोच वाटत नाही.

या वर्गासाठी वकिली करणारे आणि संगणक क्षेत्रात काम करणारे माजी विद्यार्थी हवे आहेत. वर्षातून दोन शनिवार दिले तरी पुरे. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून येणाऱ्यांना सायंकाळची वेळ सोयीची पडावी म्हणून वर्ग पाच वाजता ठेवला आहे. पालकांनाही त्यात बसता येईल. नावे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात मे महिन्याअखेर नोंदवावीत, म्हणजे जूनमध्ये शाळा भरताच वेळापत्रक लावता येईल.